ताईचे पिवळे तळहात

"हळद अजून लागायची आहे, आणि नवरी आधीच पिवळी," आत्या आईला म्हणाली.

मी आतल्या खोलीत माझ्या पांढऱ्या कोटाला इस्त्री करत होते. मधे फक्त एक पडदा होता. मी घरात असले तरी आहे हे बहुतेकांच्या लक्षात राहत नसे, आणि मला ते सोयीचं वाटे. विळीवर आईचं काहीतरी चिरणं चाललं होतं, ते थांबलं. मग आत्या आवाज उतरवून म्हणाली की तिचे तळहात बघ, नाकाच्या दोन्ही बाजू बघ, मी काही उगाच बोलत नाही. त्यानंतर तिने जो शब्द उच्चारला तो मला नीट ऐकू आला नाही, पण आईने ज्या तऱ्हेने श्वास आत घेतला त्यावरून कळला. कावीळ.

(ही सगळी बोलणी आमच्या घरच्या बोलीत व्हायची. मी इंग्रजी शाळेत शिकलेली. ती बोली मला ऐकून कळते, लिहायला गेले की अक्षरं सापडत नाहीत. म्हणून इथे साध्या मराठीत लिहिते आहे.)

नवरी म्हणजे माझी ताई. ऐंशीच्या दशकाची सुरुवातीची वर्षं होती. ताई चर्चच्या शाळेत प्राथमिकच्या मुलांना शिकवायची. तिचं लग्न ठरलं होतं ते निर्मळ गावच्या एका मुलाशी. तो आखातात नोकरीला होता आणि सुट्टीवर आला होता. लग्नाची तारीख राखेच्या बुधवारच्या आधीच्या आठवड्यात धरली होती, कारण एकदा तो बुधवार आला की उपवासकाळ सुरू होतो आणि ईस्टरपर्यंत आमच्यात लग्नं लागत नाहीत. तोवर त्याची सुट्टी संपणार होती. म्हणजे तारीख चुकली तर पुढची सुट्टी मिळेपर्यंत थांबायचं, आणि ती कधी मिळेल हे त्यालाही सांगता येत नव्हतं.

त्यात आणखी एक गोष्ट होती. त्याचा थोरला भाऊ काविळीने गेला होता. त्या घरात तो शब्द काढायचा नाही हे सोयरीक ठरतानाच मधल्या माणसाने आम्हाला सांगून ठेवलं होतं. ताईला कावीळ आहे असं तिकडे कळलं तर त्याची आई काय करेल याची कल्पना आम्ही सगळ्यांनी मनातल्या मनात केली होती, आणि सगळ्यांची कल्पना एकच होती.

आईने आणि आत्याने मग उपचार सुरू केले. आत्या म्हणजे पप्पांची थोरली बहीण, शेजारच्याच वाडीत राहायची, आणि तिला सगळ्याच आजारांतलं कळत असे. तिने ताईच्या जेवणातली हळद बंद केली, तेल बंद केलं, तळलेली मासळी तर बंदच. ताईच्या ताटात पांढरा भात, पांढरं ताक आणि मिठाचं पाणी वाटावं अशी डाळ दिसू लागली. औषधांच्या दुकानातून शक्तीसाठी बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आल्या. आणि यकृताला उत्तम म्हणून पपई. पपई आमच्या वाडीतलीच. नाताळनंतर झाडं लगडली होती. व्यापारी डाग पडलेली फळं उचलत नसे, म्हणून आई ती आधीपासूनच ताईला खायला घालत होती, नवरीच्या तोंडावर तेज यावं म्हणून. आता तेज बाजूला राहिलं आणि तीच पपई औषध झाली. सकाळी वाडगाभर, शाळेतून आल्यावर वाडगाभर, रात्री भाताऐवजी पुन्हा.

ताई निमूटपणे खात होती. ती खरं तर निमूट नव्हे. "मला आता बावखलात सोडा, बेडूक पण घाबरतील," असं ती आपल्या हातांकडे बघून म्हणायची. बावखल म्हणजे आमच्या वाडीतलं तळं, त्याचंच पाणी झाडांना जायचं. पण हे बोलून झाल्यावर ती हात पदराखाली घेत असे, ते मी पाहत होते.

आणि ती दिवसेंदिवस जास्तच पिवळी होत होती.

तिचे डोळे मी पाहिले नव्हते असं नाही. घरात संध्याकाळी जो बल्ब लागायचा त्याच्या उजेडात आमच्या सगळ्यांचेच डोळे पिवळे दिसत. एका रविवारी मिस्सा सुटल्यावर, चर्चच्या पायऱ्यांवर ऊन असताना, मी मुद्दाम तिच्या समोर उभी राहिले. डोळे मला पांढरे वाटले. पण मला ते पांढरेच दिसायला हवे होते, म्हणून मी माझ्या वाटण्यावर विश्वास ठेवला नाही. घरी कुणाला काही बोललेही नाही.

मग आत्याने चुन्याच्या पाण्याची गोष्ट काढली. पूर्वेकडच्या एका गावात एक माणूस होता, तो रोग्याचे हात चुन्याच्या पाण्यात धुवायचा, पाणी पिवळं व्हायचं आणि कावीळ उतरायची. येत्या रविवारी ताईला तिथे न्यायचं आत्याने ठरवून टाकलं. आई कचरली. फादरना कळलं तर काय म्हणतील, असं ती म्हणाली.

"फादरना पण यकृत असतं," आत्या म्हणाली.

आईची अडचण फादरांची नव्हती हे मला दिसत होतं. तिकडे जाणाऱ्या एस.टी.त गावातली चार माणसं तरी भेटणार, आणि नवरीला काविळीच्या माणसाकडे नेलं ही बातमी आम्ही परत यायच्या आत निर्मळला पोचणार.

मी तेव्हा स्टेशनजवळच्या एका छोट्या लॅबमध्ये काम करत होते. कोर्स पूर्ण झाला होता, हात अजून बसत होता. लॅब एका वयस्कर डॉक्टरांची होती. रोजच्या तपासण्या आम्ही परीक्षानळीत थेंब टाकून करायचो. पण डॉक्टरांच्या कपाटात तपासणीच्या पट्ट्यांची एक डबी होती, परदेशातल्या कुठल्याशा नातेवाइकाने आणून दिलेली. ती ते फारशी वापरू देत नसत. प्लॅस्टिकची चिंचोळी पट्टी, आणि तिच्यावर कागदाचे चिमुकले चौकोन, प्रत्येक चौकोन एकेका गोष्टीसाठी. डबीचं झाकण लगेच घट्ट लावायचं, चौकोनाला बोट लावायचं नाही, दमट हवा लागू द्यायची नाही. आमच्या खाडीकाठच्या हवेत हे शेवटचं सगळ्यात अवघड होतं.

त्यांतल्या दोन चौकोनांबद्दल डॉक्टरांनी मला एका दुपारी समजावून सांगितलं होतं. रक्तातल्या लाल पेशी आपला काळ संपला की मोडतात. त्यांच्यातल्या लाल रंगाचा मोडून मोडून एक पिवळा रंग होतो. यकृत तो पाण्यात विरघळेल असा करतं आणि पित्ताबरोबर आतड्यात सोडतं. आतड्यातले जिवाणू त्याचा आणखी एक पदार्थ बनवतात, त्याला स्वतःचा रंग नसतो. त्यातला बराचसा शौचावाटे जातो, थोडा रक्तात परत येतो आणि त्याचा किंचित अंश लघवीत उतरतो. म्हणून निरोगी माणसाच्या लघवीत हा दुसरा पदार्थ जरासा असणारच. पहिला, पिवळा, मात्र पट्टीला सापडता कामा नये. तो सापडला तर यकृत सुजलंय किंवा पित्ताची वाट तुंबलीय.

त्या पिवळ्यासाठीच्या चौकोनात एक क्षार सुकवून ठेवलेला असतो. तो रंग आला की क्षार त्याच्याशी जोडला जातो आणि चौकोन तपकिरी होत जातो. दुसरा चौकोन गुलाबी होतो, निरोगी माणसाचा फिकट, यकृत आजारी असेल तर गडद. डबीवर रंगांचे नमुने छापलेले होते, त्यांच्याशी पट्टी ताडून बघायची. मी मनात त्या तपकिरी नमुन्यांना नावं दिली होती. पहिला साय, दुसरा बदाम, आणि शेवटचा सुकेळी, आमच्याकडे राजेळी केळी उन्हात वाळवून करतात ती.

"पट्टीला पिवळेपणा दिसत नाही," डॉक्टर म्हणाले होते. "तिला तो एकच पदार्थ कळतो. आपल्याला सगळंच पिवळं दिसतं, म्हणून आपण फसतो."

हे मला माहीत होतं, आणि तरीही ताईचं सॅम्पल घरून बाटलीत नेता येत नव्हतं. लघवीतला तो पिवळा रंग उजेडाने मोडतो. उन्हातून एस.टी.ने बाटली नेली असती, तर कावीळ असूनही पट्टीने नाही म्हटलं असतं. मला खोटं 'नाही' नको होतं. ताईलाच लॅबमध्ये न्यायला हवं होतं, आणि डॉक्टरांकडे पट्टी मागायला हवी होती. यातलं दुसरं काम मला जास्त जड वाटलं.

शनिवारी ताई लग्नाच्या चपला घ्यायच्या म्हणून माझ्याबरोबर निघाली. लॅब उघडल्यावर मी डॉक्टरांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले. बराच वेळ उभी राहिले असेन, कारण त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि काय झालं म्हणून विचारलं. मी बहिणीसाठी पट्टी हवी एवढंच म्हणाले. त्यांनी कारण न विचारता कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली.

ताई बाटली घेऊन बाहेर आली. बाटलीतलं पाणी इतकं पिवळं होतं की ते चमकत होतं, हिरवट झाक असलेलं, डोळ्यांत भरणारं पिवळं. काविळीच्या रोग्यांची लघवी मी रोज पाहत होते. ती अशी नसते, कडक काळ्या चहासारखी असते. पण बाटली आपल्या बहिणीची असली की शिकलेलं आठवत नाही. मी बाटली हलवली. काविळीत फेसही पिवळा येतो. हा फेस पांढरा होता. मी पुन्हा हलवली. पांढराच.

पट्टी बुडवली, बाटलीच्या काठाला टेकवून निथळली आणि आडवी धरली, म्हणजे एका चौकोनातलं पाणी दुसऱ्यात उतरत नाही. मग डबीवर सांगितलेल्या वेळेपर्यंत थांबायचं. आधी बघितलं तर रंग यायचा असतो, उशिरा बघितलं तर पुढे सरकलेला असतो. मी घड्याळाकडे पाहत राहिले, पट्टीकडे नाही. ताई स्टुलावर बसून माझ्या तोंडाकडे पाहत होती.

वेळ झाली. मी पट्टी खिडकीपाशी नेली. तपकिरी व्हायचा तो चौकोन साय होता. बदामही नाही. शेजारचा चौकोन फिकट गुलाबी, असावा तसा.

"पास की नापास?" ताईने विचारलं.

मी मान हलवली.

"मान काय हलवतेस गाईसारखी? तोंडाने सांग की, बाय."

पण मला अजून सांगायचं नव्हतं. पट्ट्या परदेशी, डबी कधीची उघडलेली, हवा ही अशी. पट्टीच मेलेली असेल तर? त्या सकाळीच एका माणसाचं सॅम्पल आलं होतं, त्याला कावीळ आहे हे बिनपट्टीचंही कळत होतं. मी डॉक्टरांना विचारून दुसरी पट्टी काढली आणि त्यात बुडवली. तिचा चौकोन माझ्या डोळ्यांदेखत काळवंडत गेला, बदामावरून सरळ सुकेळीवर. पट्ट्या जिवंत होत्या. दोन्ही पट्ट्या मी टिपकागदावर शेजारी शेजारी ठेवल्या. मग दुसरं स्टूल ओढून बसले. तोंडाने सांगण्यापेक्षा ताईला दोन्ही पट्ट्या दाखवणं मला सोपं गेलं. तिला अर्थ कळला. तिने पदराने डोळे पुसले आणि मग उगाच चष्मा पुसला.

डॉक्टर उठून आले. त्यांनी ताईला खिडकीकडे तोंड करून वर बघायला सांगितलं, खालची पापणी ओढून पाहिली. डोळे ओल्या खोबऱ्यासारखे पांढरे होते. मग तिचे तळहात पाहिले.

"गाजरं फार खाता का?"

"गाजरं नाही," ताई म्हणाली. "पपई."

"किती?"

ताईने हातांनी वाडग्याचा आकार दाखवला. तो दाखवल्यावर, दिवसातून किती वेळा हे सांगायला तिने तीन बोटं वर केली. डॉक्टर खुर्चीवर बसले आणि हसू लागले. त्यांना हसताना मी तोवर पाहिलं नव्हतं. पपईतला रंग कातडीत साठतो, ते म्हणाले, तळहात, तळपाय, नाकाच्या कडा. डोळ्यांच्या पांढऱ्यात तो जात नाही, लघवीतही उतरत नाही. लघवी पिवळी झाली ती बी-कॉम्प्लेक्समुळे. पपई थांबवा, काही आठवड्यांत कातडी पूर्वीसारखी होईल, घाबरायचं काही नाही.

ताईने विचारलं की कावीळ समजून औषध म्हणून पपई वाढवली होती, ती तर बरोबर ना?

"तुमच्या घरात औषधानेच रोग तयार केला," डॉक्टर म्हणाले, "आणि रोग वाढला म्हणून औषध वाढवलं."

नुसत्या पट्टीवर विसंबायचं नाही म्हणून त्यांनी ताईचं रक्तही घेतलं. काही काविळींत लघवीत तो रंग उतरत नाही, असं ते म्हणाले. दुपारी रक्ताचं उत्तर आलं, तेही साधंसरळ होतं.

स्टँडवर आम्ही गाडीची वाट बघत होतो. ताईने तिथल्या हातगाडीवरून दोन वडापाव घेतले, एक मला आणि एक तिला. तिने तिचा वडा मधोमध फोडला आणि आतली पिवळीधमक भाजी नुसती बघत राहिली. कितीतरी दिवसांत तिने हळद पाहिली नव्हती. मग ती खाल्ली, बोटं चाटली, आणखी एक घेतला. चपला आणायच्या राहिल्या हे आम्हाला गाडीत बसल्यावर आठवलं, आणि आम्ही दोघी एवढ्या हसलो की पुढच्या बाकावरच्या मासळीवाल्या बाईने मागे वळून पाहिलं. कळंबची होती, तिची टोपली रिकामी झालेली. "कोणाचं लगीन हाय?" तिने विचारलं. "माझं," ताई म्हणाली.

घरी पोचलो तर ओट्यावर अनोळखी चपला होत्या.

ताईची होणारी सासू बैठकीच्या खोलीत बसली होती. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. समोर आई, आई बसली होती तरी उभी असल्यासारखी. आत्या दाराशी. पप्पा खिडकीतून वाडीकडे बघत होते. चहा कुणी घेतला नव्हता, त्यावर साय आली होती. चुन्याच्या माणसाचा पत्ता आत्याने कुणाकडे तरी विचारला होता, ते फिरून फिरून निर्मळला पोचलं होतं.

ताई आत गेली तशी सासूची नजर तिच्या हातांवर गेली. ताईने हात पदराखाली घेतले नाहीत, पण त्यांचं काय करावं हेही तिला कळेना. आई घाईघाईने म्हणाली की थोडी अशक्त झालीय, शाळेची दगदग. आत्या म्हणाली की उन्हाने कातडी अशी होते.

सासू शांतपणे ऐकून घेत होती. मग ती बोलली, आणि तिचा आवाज माझ्या कल्पनेतल्या आवाजापेक्षा फार मऊ होता.

"विहीणबाई, मी तारीख मोडायला आले नाही. माझ्या थोरल्याच्या वेळी सगळ्यांना दिसत होतं. शेजाऱ्यांना, नातेवाइकांना. मला वाईट वाटेल म्हणून एकानेही तोंड उघडलं नाही. पोरीला काही असेल तर सांगा, आपण तिला बरं करू, लग्न मागाहून करू. काही नसेल तर आहे ती तारीख, मला काही म्हणायचं नाही. पण कुणीतरी मला खरं सांगा."

ताई माझ्याकडे बघत होती. तिने स्वतः सांगितलं असतं तर नवरी आपल्याच तोंडाने आपली बाजू मांडते असं झालं असतं. हे तिला कळत होतं आणि मलाही.

"रिपोर्ट नॉर्मल आहे," मी म्हणाले.

ते बहुधा मलाच ऐकू आलं. सासूने मान वळवली. "काय म्हणाली ही?" तिने आईला विचारलं. "कसला रिपोर्ट?"

आईने माझ्याकडे पाहून डोळे मोठे केले. पाहुण्यांसमोर, पप्पांसमोर, त्या खोलीत, येशूच्या तसबिरीखाली. दिवसभर ज्या गोष्टीच्या बाटल्या मी हाताळायचे तिचं मराठी नाव मी चारचौघांत कधी घेतलं नव्हतं. लॅबमध्येही मी सॅम्पल म्हणायचे. आणि दुसरा शब्द तर या बाईसमोर उच्चारायचाच नाही असं ठरलेलं होतं.

मी पुढे गेले आणि सासूच्या समोर, तिला माझं तोंड दिसेल अशी उभी राहिले.

"मावशी, ताईची लघवी मी स्वतः तपासली. तिला कावीळ नाही. ती पपई खाऊन पिवळी झाली आहे."